निवट्या धरणारा वाचक

मुलांसाठी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणीतरी एक मूल असतंच. ते कुठे राहतं, काय खातं, भांडताना कसं बोलतं, हे सारं पुस्तकात उतरतं. मराठीत हे मूल बहुतेकदा पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरातलं राहिलं. समुद्र त्याला मे महिन्याच्या सुट्टीत भेटतो, वाळूचा किल्ला करण्यापुरता.

उरणच्या मुलाचा समुद्र रोजचा. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच, करंज्याला लागणाऱ्या होड्या, ओहोटीला खाडीच्या चिखलात हात घालून धरलेल्या निवट्या. १९८९मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. आता रस्त्याने कंटेनरांची रांग संपत नाही. घरची शेती आणि मिठागर कसं गेलं, हे त्याने आजोबांकडून ऐकलेलं असतं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी उतरलेल्या इथल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. मोठी माणसं हे बोलत असतात तेव्हा मुलं तिथेच बसलेली असतात. आणि लेखक म्हणतो, मुलांना हे झेपणार नाही!

माझ्या मते झेपत नाही ते लेखकाला. साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. कर्ज, अपमान, आईचा मृत्यू, काहीच झाकलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलं ती वाचून रडली आणि पुन्हा वाचायला बसली. भा. रा. भागवतांनी आपला धाडसी नायक फुरसुंगीचा केला आणि त्या गावाचं नाव महाराष्ट्रभरच्या मुलांच्या ओठी आलं. माधुरी पुरंदरे तर घरातली रोजची साधी गोष्ट घेतात, चित्रंही स्वतःच काढतात आणि मुलाला उपदेश करत नाहीत. या तिघांची वाट वेगळी, पण वाचणाऱ्या पोरावर त्यांचा पूर्ण भरवसा.

तोच भरवसा उरणच्या मुलाच्या वाट्याला यावा असं मला फार वाटतं. त्याच्या पुस्तकात आगरी बोली घासूनपुसून छापू नये. पाणजेच्या पाणथळीत उतरणारे रोहित पक्षी त्यात असावेत, शेजारच्या खाडीत पडणारा भरावही असावा. बंदरात नोकरी करणारा बापही असावा, कारण त्या पगारावर घर चालतं. ही जागा कोणाची, असं मुलीने विचारलं तर आजीने तिला जुना बांध कुठे होता ते दाखवावं. बाकीचं ती मुलगी ठरवील.