स्वस्त मिळालेली वस्तू

इतवारीतील जुन्या सामानाच्या ढिगात हेवी मेटलच्या सीडी धुंडाळणे, हा आमचा छंद वाचकांस विचित्र वाटेल. मागे ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लिश वाद्यवृंदाच्या १९७० सालच्या पहिल्या अल्बमची सीडी आम्हांस दहा रुपयांत मिळाली. जाणकार तिचे शेकडो रुपये मोजतात, हे आम्हांस ठाऊक होते, विक्रेत्यास नव्हते. हा सौदा न्याय्य होय काय? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’मध्ये निर्णय दिला आहे : विक्रेता सोने पितळ समजून विकत असता जाणूनबुजून ते घेणारा अन्याय करतो व भरपाईस बांधला जातो. शोधण्याचे श्रम आमचे, हे खरे. परंतु त्याच्या अज्ञानावर आमचा हक्क कोणता? आम्ही परत जाऊन उरलेली रक्कम दिली. छंद सुटलेला नाही. मात्र आता भाव विचारण्याआधी ठाऊक असलेले मोल सांगतो.