शंकेसकट धैर्य

धैर्यवान माणसाच्या मनात शंका नसते, अशी समजूत लोकांत खोलवर रुजली आहे. प्रत्यक्षात रोजच्या जगण्यातली बहुतेक धाडसे ‘आपल्याला हे जमेल का’ या प्रश्नाचे उत्तर मिळण्याआधीच केली जातात, आणि पुष्कळदा ते उत्तर नंतरही मिळत नाही. शिवाय धैर्य हा काही सरसकट गुण नव्हे. एका जागी निधड्या छातीने उभ्या राहणाऱ्या माणसाचे पाय दुसऱ्या जागी लटपटतात. भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यांत बायांच्या दिनक्रमाकडे पाहिले, तर या दोन्ही गोष्टी लख्ख दिसतात.

मार्च-एप्रिलमध्ये जंगलालगतच्या गावांतल्या बाया झुंजूमुंजू व्हायच्या आत टोपली घेऊन मोहफुले वेचायला निघतात. मोहफूल रात्रीतून गळते आणि अस्वलालाही ते तितकेच आवडते. कोका आणि नागझिऱ्याच्या जंगलांत वाघ-बिबट्याचाही वावर आहे. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, पावसाळ्यात गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून धानाची रोवणी करायची. या कामांत भीती नसते असे नाही. एकटीने आत शिरायचे नाही, कोणत्या आवाजाला थांबायचे, कुठून मागे फिरायचे, हे सगळे भीतीनेच शिकवलेले असते. पण हीच बाई ग्रामसभेत आली की मागच्या भिंतीला टेकून बसते. ‘आपण काय बोलणार’, ‘चुकले तर हसतील’, ‘घरी जाऊन ऐकून घ्यावे लागेल’ अशा शंका तिला जागेवरून उठू देत नाहीत. त्यात भाषेचा संकोच. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी इथल्या झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले, त्या बोलीची साहित्य संमेलने भरली, तरी माईक समोर आला की आपले बोलणे ‘शुद्ध’ नाही ही जाणीव आजही अनेकींना गप्प करते. अस्वलापेक्षा हसण्याची भीती मोठी ठरावी, यात हास्यास्पद काही नाही. अस्वल जंगलात भेटते. हसणाऱ्यांच्या शेजारी मात्र जन्म काढायचा असतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये या प्रश्नाची नेटकी मांडणी केली. एखादे विशिष्ट काम आपल्याला जमेल, हा विश्वास त्यांच्या मते चार वाटांनी येतो: ते काम थोडेफार स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहिल्याने, विश्वासातल्या माणसाच्या भरवशाच्या शब्दाने, आणि छातीतल्या धडधडीचा अर्थ आपण कसा लावतो त्यावरून. यांत पहिली वाट सर्वांत भक्कम. म्हणजे आत्मविश्वास आधी आणि कृती मागाहून, हा क्रम बहुधा उलटा असतो.

ही पहिली वाट खेड्यात बचत गटाने खुली केली. असे गट बांधणारे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. २०११ मध्ये त्याच कामासाठी ‘उमेद’ अभियान आले. गटांचा हिशेब बहुधा कर्ज आणि परतफेडीच्या आकड्यांत मांडला जातो, पण त्यांचे अधिक मोलाचे काम बैठकीत घडते. सतरंजीवर गोल करून बसायचे, हजेरीला नाव पुकारले की ‘हो’ म्हणायचे, आपल्या हाताने पैसे मोजून पुढे ठेवायचे, वहीत सही करायची. अंगठा उठवणारी बाई महिनोन्‌महिने आपले नाव गिरवते, आणि एक दिवस अक्षर वेडेवाकडे का होईना, उमटते. कर्ज कशाला हवे, हे दहा जणींसमोर सांगावे लागते. कोणी आडवा प्रश्न विचारला तर उत्तर द्यावे लागते. ग्रामसभेत लागणारे सगळे काही इथे लहान प्रमाणात करून होते, आणि चुकले तरी फार बिघडत नाही. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यातली तरतूदही अशीच मधली पायरी आहे. ती केवळ कागदावर उरकली जाते तेव्हा नेमकी हीच पायरी गळते.

मात्र धैर्याचा सगळा भार एकट्या माणसाच्या मनावर टाकणे अन्यायाचे आहे. याच जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावात दलित समाजातल्या सुरेखा भोतमांगे आपल्या शेतजमिनीसाठी भांडत होत्या. ओळखीच्या माणसावर झालेल्या हल्ल्याच्या प्रकरणात त्यांनी साक्षही दिली होती. त्या प्रकरणातले आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, त्यांची आणि त्यांच्या तीन मुलांची हत्या झाली. सुरेखाबाईंच्या ठायी धैर्य कमी नव्हते. कमी पडले ते गाव, पोलीस आणि शासन. दलित स्त्रीने बोलण्याची किंमत आणि सुस्थित घरातल्या पुरुषाने बोलण्याची किंमत एकच नसते, हे ध्यानात न घेता केलेला धीराचा उपदेश पोकळ राहतो. गप्प बसणाऱ्याच्या शंकेत अनेकदा परिस्थितीचा अचूक हिशेब असतो.

म्हणून जी व्यवस्था धैर्याची किंमत कमी करते, तिचे मोल मोठे. दारूबंदीसाठीचे गावातले मतदान हे तिचे चांगले उदाहरण. वर्धा १९७० च्या दशकात आणि गडचिरोली १९९३ मध्ये दारूबंदीचे जिल्हे झाले. भंडाऱ्यात तशी बंदी नाही. त्यामुळे इथला लढा गावागावाने लढायचा. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. दुकान बंद व्हायचे तर नोंदणीकृत मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. यात धैर्याचे दोन वेगळे टप्पे आहेत. सही उघड असते. कागद घेऊन दारोदार फिरणाऱ्या बायांना दुकानदार ओळखतो, आणि सही करणारीचा नवरा अनेकदा त्याच दुकानाचे गिऱ्हाईक असतो. हा भार एक चतुर्थांश बायांनी उचलला की उरलेल्यांना पडद्याआड, कोणाला न कळता मत देता येते. भित्र्या बाईलाही निर्णयात उतरता येईल अशी ही रचना आहे. पण घरी राहिलेल्या मतदाराचे वजन उभ्या बाटलीच्याच पारड्यात जाते, म्हणून मतदानाच्या दिवशी रोजी बुडवून एकेकीला घराबाहेर काढण्याचे काम पुढाकार घेणाऱ्यांवरच येते.

दुकान बंद झाले की प्रश्न मिटतो, असेही नाही. परवान्याची दारू गेली की हातभट्टी डोके वर काढते, आणि भट्टी लावणारा गावातलाच, कधी नात्यातला निघतो. त्याच्याविरुद्ध तक्रार द्यायला मतपेटीचा आडोसा नसतो. २०१६ मध्ये दारूबंदी कायद्यात बदल करून ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली. त्यामुळे तक्रार एका बाईच्या नावाने न जाता दलाच्या नावाने जाऊ शकते. जिथे असे दल खरोखर बसते, माहिती देते आणि पोलीस तिची दखल घेतात, तिथे पुढची तक्रार करायला आणखी दोघी-तिघी पुढे येतात. जिथे पोलीस येतच नाहीत, तिथे आधी बोललेल्याही हळूहळू गप्प होतात.