शनिवारचा विसावा कोणाचा?

गेल्या हिवाळ्यात मी दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये पुतणीकडे राहिलो. २०२२ पासून तेथील सरकारी कचेऱ्या शुक्रवार दुपारपासून रविवारपर्यंत बंद असतात. शब्बाथ पाळणे सोपे झाले आहे. पुतणी आठवडाभर संगणकावर राबते, शुक्रवारी नारळाच्या रसातली मासळी स्वतः करते आणि शनिवारी परवानाधारक संस्थेमार्फत मजुरांना जेवणाचे डबे पाठविते. मला अभिमान वाटला.

शनिवारी पहाटे स्वयंपाकघरात भांडी वाजली. घरातली मोलकरीण एकटी डबे भरीत होती. "हिची सुट्टी कधी?" मी विचारले. पुतणी गप्प झाली. २०२२ च्या तेथील कायद्यानेही घरकामगाराला आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी आहे.

कोकणात आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शब्बाथची आज्ञा विसावा केवळ मालकाला देत नाही. दास, दासी, परका, जनावर यांनाही देते. म्हणजे घाण्याचा बैलसुद्धा त्या दिवशी मोकळा. मग दुसऱ्याच्या विसाव्यातून काढलेले दान आपले कसे म्हणावे?

"पण काका, मजुरांच्या जेवणाचे काय?" तिने विचारले. प्रश्न खोटा नव्हता.

आता ती रविवारी स्वतः डबे भरते. डबे निम्मे झाले, याची मला खंत आहे. पण जे जातात, ते तिच्या हातचे असतात.