बॉल जॉइंट कुणाचा?

मी नेरूळला गाड्या दुरुस्त करतो. गॅरेज म्हणजे एक गाळा, गाळ्यासमोरची फरशी, वर ताडपत्री, दोन जॅक, एक कंप्रेसर आणि हाताखाली एक पोरगा. लिहिणाऱ्यानं आधी आपण कुठं बसून लिहितो ते सांगून टाकावं, म्हणून सांगितलं. नीतीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण त्यातल्या बहुतेकांनी गाडी वरूनच पाहिलेली असते. वरून गाडी म्हणजे रंग, काच, सीटकव्हर आणि डॅशबोर्डवरचा देव. खालून बघितली तर नुसता मार दिसतो. कुठं दगड लागलाय, कुठं रबर फाटलंय, कुठं गंज चढलाय. माझं निम्मं आयुष्य या खालच्या बाजूला गेलं.

प्रश्न साधा आहे. एखादी गोष्ट मोडणार हे मला कळलं, आणि ती ज्याच्या मालकीची आहे तो म्हणाला की राहू दे, तर माझं काम संपलं का?

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट. पिवळ्या पाटीची एक गाडी आली. ड्रायव्हर तिशीतला, डोळे तांबारलेले. रात्रपाळीच्या मुलींना कंपनीतून घरी सोडायचं काम करायचा. म्हणाला, "मिस्त्री, ब्रेकरवरनं उतरली की डाव्या अंगाला खट् करतेय." मी जॅक लावून चाक उचललं. चाक वर-खाली धरून हलवलं. हललं. मग आर्मच्या फटीत टॉमी घालून उचकटलं तर जॉइंटमधला गोळा डोळ्याला दिसेल इतका खेळत होता. रबराचा बूट फाटलेला. आत ग्रीस नाही, चिखल.

ड्रायव्हरनं शेठला फोन लावला, स्पीकरवर. शेठ म्हणाला, "चालतेय ना? मग चालू दे. या महिन्यात हप्ते आहेत, पुढच्या महिन्यात बघू." मी म्हटलं, "शेठ, हे कधी सुटंल सांगता येत नाही." तर तिकडून आलं, "गाडी माझी आहे का तुझी?"

मी गप्प बसलो. चाक खाली उतरवलं. बिलावर लिहिलं, 'डावा लोअर बॉल जॉइंट खराब. बदलणे आवश्यक. मालकास कळवले.' खाली ड्रायव्हरची सही घेतली. गाडी गेली. त्या रात्री मला झोप आली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. दिवसभर अंग मोडून राबल्यावर झोप येतेच. सकाळी बिलबुक उघडलं, त्यात ती कार्बन कॉपी दिसली, आणि तिथून हे सगळं डोक्यात सुरू झालं.

वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना हा जॉइंट काय असतो ते माहीत नसेल. ते सांगतो, नायतर पुढचं भांडण कळायचं नाही.

आपण हातात धरतो ते स्टिअरिंग म्हणजे फक्त एक चक्र. त्याची दांडी खाली जाते. तिच्या टोकाला छोटं दातेरी चाक असतं, ते एका आडव्या दातेरी पट्टीवर फिरतं. या पट्टीला रॅक म्हणतात. चक्र फिरलं की रॅक डावी-उजवीकडं सरकते. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड, टाय रॉडच्या टोकाला गोळ्याचा सांधा, आणि तो सांधा चाकाला ओढतो किंवा ढकलतो. चाकानं वळायचंही असतं आणि खड्ड्याप्रमाणं वर-खालीही व्हायचं असतं. दोन्ही एकाच वेळी. म्हणून त्याला नुसती बिजागरी चालत नाही, आपल्या खुब्यासारखा सांधा लागतो, खोबणीत फिरणारा गोळा. चाकाच्या खालच्या अंगाला असाच आणखी एक सांधा असतो, तो लोअर बॉल जॉइंट. सुपारीएवढा गोळा. हल्लीच्या लहान गाड्यांत गाडीचं वजन वरच्या स्प्रिंगवर आणि स्ट्रटवर येतं, या गोळ्यावर नाही. पण ब्रेक मारला की चाकाला मागं ओढणारा जोर आणि वळणावर बाहेर ढकलणारा जोर याच्यावरच येतो. हा खोबणीतून निसटला तर चाकाचा खालचा भाग बाहेर फेकला जातो, गाडी त्या अंगाला बसते, आणि मग स्टिअरिंग हातात असूनही चाक हातात राहत नाही.

तो एका दिवसात जात नाही. आधी बूट फाटतो. पाणी आणि माती आत जाते. ग्रीस धुऊन निघतं. मग लोखंडावर लोखंड घासतं. एका अंगाला खाडीची खारी हवा आणि दुसऱ्या अंगाला सायन-पनवेल हायवे, अशा जागी नेरूळ आहे. जूनमध्ये चांगली असलेली गाडी सप्टेंबरात खडखडत येते. शिवाय आमचे ब्रेकर. रोड काँग्रेसच्या नियमात ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, सावकाश चढून सावकाश उतरणारा सांगितलाय. सोसायटीच्या तोंडाशी हौसेनं घातलेला ब्रेकर म्हणजे फुटभर रुंदीची भिंत असते. ज्यानं घातला त्याला वाटतं आपण पोरांचे जीव वाचवले. त्याचं बिल कुणाच्या तरी जॉइंटवर फाटतं.

शॉकअपबद्दल एक सांगायचं राहतंय. नाव धक्का गिळणारा असं आहे, पण धक्का तो गिळत नाही. धक्का स्प्रिंग घेते. पण स्प्रिंगला एकदा दाबलं की ती नाचत राहते, थांबत नाही. शॉकअपच्या आत तेल असतं आणि बारीक छिद्रं असतात. तेल त्या छिद्रांतून जोरानं ढकललं जातं, नाचण्याची ताकद उष्णतेत जाते आणि गाडी शांत होते. खड्ड्यांच्या रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून बघा, गरम लागतो. वर बसलेल्याला काही कळलेलं नसतं. त्याला वाटतं रस्ता बरा होता.

नावांचाच विषय निघालाय म्हणून आणखी एक. वळताना आतलं चाक जास्त वळावं लागतं, बाहेरचं कमी, कारण बाहेरच्याला मोठा फेरा मारायचा असतो. यासाठी सांध्यांची जी रचना करतात तिला जगभर अकरमनची रचना म्हणतात. अलाइनमेंट शिकवणाराही हेच नाव सांगतो. ती काढली होती म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्या कारागिरानं. अकरमन हा त्याचा लंडनमधला एजंट. १८१८ साली इंग्लंडात पेटंटचा कागद त्याच्या नावानं झाला, म्हणून नाव त्याचं राहिलं. दोनशे वर्षं झाली. कागद ज्याच्या नावावर, वस्तू त्याची. कारागिराला विचारतो कोण?

आणि इथंच मी शेठच्या वाक्याशी येतो. गाडी माझी आहे का तुझी.

मिलिंदप्रश्नातला रथ आपल्या पुष्कळांना ठाऊक आहे. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या आपल्या कॉलेजला ज्याचं नाव दिलं तोच हा मिलिंद राजा. भन्ते नागसेन त्याला विचारतात, चालत आलास की वाहनानं? राजा म्हणतो, रथानं. मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू, लगाम, दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो. रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव आहे, वेगळा असा रथ कुठं नाही. तिथं प्रश्न आत्म्याचा होता. मला गाडीखाली पडून वाटलं, तोच प्रश्न मालकीलाही विचारता येतो. शेठ, तुमचं काय आहे यात? सीट तुमची, मान्य. एसी, टेप, रंग तुमचा. एसी बंद ठेवायचा तर ठेवा, घाम ड्रायव्हरला आणि गिऱ्हाईकाला. पण हा सुपारीएवढा गोळा? तो निसटला तर तुम्ही घरी असणार. गाडीत तो ड्रायव्हर असणार, मागं तीन मुली, आणि समोर उरण फाट्यावर रस्ता ओलांडणारा कोणी तरी, ज्याला तुमचं नावही माहीत नाही. ज्या वस्तूच्या मोडण्याचा मार दुसऱ्यावर पडतो तिच्यावर एकट्याची मालकी कशी असेल? स्टिअरिंग मालकाचं नसतं. ते रस्त्यावरच्या सगळ्यांचं असतं. मालकाकडं फक्त त्याचं बिल असतं.

कायदाही जवळपास हेच म्हणतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १९०. गाडीत धोकादायक दोष आहे हे ज्याला माहीत आहे, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळलं असतं, असा माणूस ती गाडी चालवत असेल किंवा चालवू देत असेल तर तो गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १५०० रुपये. त्यातून कोणी जखमी झालं तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५००० रुपये, किंवा दोन्ही. 'चालवू देणारा' हा शब्द कायद्यात आहे, हे मला आवडलं. त्याच दुरुस्तीत कलम १९८ अ आलं. रस्ता बांधणाऱ्यानं किंवा सांभाळणाऱ्यानं सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यामुळं माणूस मेला किंवा अपंग झाला तर एक लाखापर्यंत दंड. पण हायवेवर शिट्टी वाजते तेव्हा काच ड्रायव्हरच खाली करतो. शेठ फोनवर असतो. पिवळ्या पाटीच्या गाडीची फिटनेस तपासणी आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. दोन तपासण्यांच्या मधले सगळे खड्डे माझ्याकडं येतात.

आता माझ्याविरुद्ध बोलतो.

तुम्ही म्हणाल, तुला एवढं कळत होतं तर गाडी सोडलीस कशाला? एकदा मी सोडली नव्हती. दुसरीच गाडी, टाय रॉडचा एंड गेलेला. मी चाक लावायलाच नाही म्हटलं. मालक चार माणसं घेऊन आला, शिव्या दिल्या, चाक त्यांनीच लावलं. नट नीट आवळले नव्हते. शेवटी मीच पाना घेऊन गेलो आणि आवळून दिले, कारण चाक रस्त्यात निखळलं असतं. म्हणजे अडवायला गेलो आणि हातभार लावून आलो.

आणि दुसरं. मिस्त्रीला गाडी अडवायचा हक्क दिला तर काय होईल? आमच्या धंद्यात लबाडी भरपूर आहे. चांगला जॉइंट काढून नवा टाकणारे आहेत. जुनाच पुसून नवा म्हणून लावणारे आहेत. गिऱ्हाईकाला काही कळत नसतं, 'प्ले आहे' म्हटलं की ते घाबरतं. ज्याला कळतं त्यानं न कळणाऱ्याला घाबरवून पैसे काढायचे, हा धंदा आपल्या देशात गॅरेजच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आणि त्याचा मार कुणी खाल्ला हे या अंकाच्या वाचकाला मी सांगायला नको. मला माझ्या हातातल्या विद्येची तसली भटगिरी करायची नाही.

म्हणून मी एक पद्धत धरली. गिऱ्हाईकाला खाली बसवतो. चाक उचललेलं असतं. म्हणतो, तुमचा हात लावा. एक हात वर, एक खाली, हलवा. हललं तर गोळ्यात किंवा बेअरिंगमध्ये प्ले. आता हात दोन्ही बाजूंना धरा, हलवा. हललं तर टाय रॉडचा एंड बघायचा. टायरवर हात फिरवा, आतली कड जास्त खाल्लीय का, म्हणजे अलाइनमेंट गेलंय. कपडे खराब होतात म्हणून काही लोक नाही म्हणतात. जे हात लावतात त्यांना मला काही सांगावं लागत नाही.

बिलावर लिहून घेणं वेगळं आणि हे वेगळं. बिलावर लिहिलं तेव्हा मी माझ्या डोक्यातलं ओझं कागदावर ठेवलं आणि खाली सही ड्रायव्हरची घेतली. सगळ्यात कमकुवत माणसाची. सही करताना तो माझ्याकडं बघत होता ते मला नंतर आठवलं. त्याला कळलं होतं, पण थांबवायची ताकद नव्हती. शेठला ताकद होती, पण कळून घ्यायचं नव्हतं. मला कळत होतं, आणि मी दोघांच्या मधी कार्बन पेपर ठेवला.

आठ दिवसांनी तो ड्रायव्हर परत आला. हातात डबा. तुर्भ्याच्या दुकानातनं नवा बॉल जॉइंट स्वतःच्या पैशानं आणला होता. म्हणाला, "मिस्त्री, लावून द्या. रोज पाम बीचवर हात कापतात." मी लावला. जॉइंट बसवला, नट टॉर्कवर आवळला, जुनी स्प्लिट पिन फेकून नवी घातली आणि समोरच्याकडं अलाइनमेंट करून आणायला सांगितलं. मजुरी घेतली नाही. घेतली नाही हे सांगतोय ते मोठेपणा म्हणून नाही, लाज वाटत होती म्हणून. शेठच्या गाडीत आता ड्रायव्हरचा सांधा होता. महिन्याच्या पगारातनं त्यानं तीन मुलींचा, रस्त्यावरच्यांचा आणि शेठच्या हप्त्यांचाही बंदोबस्त केला होता. याला चांगुलपणा म्हणायचा का? मला म्हणवत नाही. म्हटलं तर शेठ सुटतो.

जाताना म्हणाला, "जुना द्या. शेठला दाखवतो, पैसे मागतो." मी तो पेपरात गुंडाळून दिला.

पुढच्या महिन्यात गाडी आली, ऑइल बदलायला. ड्रायव्हर दुसराच होता, वीस-बावीसचा पोरगा. आधीचा कुठं गेला विचारलं, तर म्हणाला, माहीत नाही, शेठनं मला ठेवलंय. ऑइल गळत होतं तोवर मी उजव्या चाकाला जॅक लावला. त्या अंगाचा बूटही आता चिरला होता. मी त्याला म्हटलं, "ये इकडं. हात लाव."