शोक करणारी आई भक्तीत उणी असते का?

गोरोबाकाकांचे आख्यान झाले नाही असा सप्ताह विरळा. तेरचे गोरोबाकाका नामस्मरणात देहभान हरपून चिखल तुडवतात, रांगते लेकरू पायाखाली जाते आणि पुढे पंढरीला, नामदेवरायांच्या कीर्तनात, तेच लेकरू रांगत परत येते. मंडपात डोळे पुसले जातात, विठ्ठलनामाचा गजर होतो. पण त्याच मंडपात कोणी असाही बसलेला असतो, ज्याचे लेकरू गेले आणि परत आले नाही. त्याने हे आख्यान कसे ऐकावे?

काही वर्षांपूर्वी एका सप्ताहात कीर्तनानंतर एक तिशीतली बाई पाया पडायला आली. तिचा पाच वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला होता. दीड वर्ष मुंबईच्या फेऱ्या झाल्या, जमिनीचा तुकडा गेला, शेवटी मूलही गेले. ती म्हणाली, "महाराज, मी माळकरीण आहे. एकादशी कधी चुकवली नाही. मग माझं लेकरू का नाही आलं? माझी भक्ती कमी पडली का?" मी तिला जवळ बसवले आणि विचारले, "माय, लेकराचं नाव काय होतं?" मग ती पुष्कळ वेळ बोलली. बोलण्यात कळले की गावाने तिला तीन उत्तरे आधीच देऊन ठेवली होती: हे प्रारब्ध आहे, देवाला आवडला म्हणून त्याने नेला, आणि माळकऱ्याने रडायचे नसते. ही तीन उत्तरे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. म्हणून त्यांचा विचार करू.

पहिले प्रारब्धाचे. कर्माचा सिद्धांत आपल्याला मान्य आहे. पण तो आपल्या अंगणात पाहण्याचा दिवा आहे, दुसऱ्याच्या पाठीत घालण्याची काठी नव्हे. माझे दुःख मी प्रारब्ध म्हणून सोसले तर ती तितिक्षा. तुमचे दुःख मी प्रारब्ध म्हणून तुम्हाला ऐकवले तर तो निष्ठुरपणा. अशी आई आधीच स्वतःला दोष देत असते: ‘आधी का नेलं नाही? काय खाऊ घातलं म्हणून झालं?’ या आजाराची सुरुवात ताप, फिकटपणा, थकवा अशी साधीच दिसते; ती घरात ओळखता येत नाही. आईच्या हातून काही चुकले म्हणून तो होतो असेही नाही. आज यातली पुष्कळ मुले उपचारांनी बरी होतात, काही होत नाहीत. बरी न झालेल्यांच्या आया पापी आणि बरी झालेल्यांच्या पुण्यवान, असा हिशेब कोणत्या शास्त्रात आहे?

दुसरे, ‘देवाला आवडला’. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण आईच्या कानाला काय ऐकू येते? देवाने माझ्या मांडीवरून लेकरू ओढून नेले. ज्याला आपण माउली म्हणतो, त्याच्यावर हा आळ कशाला? त्यापेक्षा विठाई तुझ्याबरोबर रडते आहे, असे म्हणणे आपल्या संप्रदायाला अधिक शोभेल.

तिसरे, रडण्याचे. भगवंतांनी गीता सांगितली ती युद्धाच्या पहिल्या दिवशी. आत्मा मरत नाही हे अर्जुनाने प्रत्यक्ष त्यांच्या मुखातून ऐकले. तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला, आणि तोच अर्जुन पुत्रशोकाने कोसळला. भगवंत त्याला ‘माझी गीता वाया गेली’ असे म्हणाले नाहीत. त्याला सावरले आणि सुभद्रेच्या सांत्वनाला स्वतः गेले. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानोबारायांनी समाधी घेतली. निवृत्तिनाथ तर त्यांचे गुरू. तरी त्यांचा शोक नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत लपवला नाही. जे दुःख ब्रह्मज्ञान्याला झाले, ते पाच वर्षांच्या लेकराच्या आईला का होऊ नये?

कोणी म्हणेल, गाडगेबाबांचे काय? कीर्तनात उभे असताना मुलगा गेल्याची बातमी आली, तरी बाबांनी कीर्तन थांबवले नाही. खरे आहे. पण ती कठोरता त्यांची स्वतःपुरती होती. दुसऱ्यांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधल्या. आजही त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांना व त्यांच्या माणसांना आसरा देते. बाबांचे नाव घ्यायचे तर आसरा द्यावा. त्यांचे धैर्य दुसऱ्याकडे मागू नये.

आता पुन्हा गोरोबाकाकांकडे येऊ. हे आख्यान म्हणजे देवाशी केलेला करार नव्हे की इतकी भक्ती केली की लेकरू परत. लेकरू आले म्हणून गोरोबा संत झाले नाहीत. ते त्याआधीच संत होते. आणि या कथेत एक आईही आहे. संतीने आकांत केला, नवऱ्याच्या भजनालाच बोल लावला. तो आकांत आपल्या पूर्वजांनी कथेतून गाळला नाही, आणि पांडुरंगानेही तिला त्यासाठी दूर केले नाही. रडणाऱ्या, भांडणाऱ्या आईला या कथेत जागा आहे. तुकोबारायांनीही दुष्काळात बायको आणि मूल गमावले, आणि देवाशी भांडणारे त्यांचे अभंग आपण भजनात म्हणतोच. जो भांडतो त्याने नाते तोडलेले नसते.

म्हणून कीर्तनकार बांधवांना विनंती, हे आख्यान सांगताना मंडपातल्या त्या एका आईला डोळ्यांपुढे ठेवा. संतीचा आकांत घाईने उरकू नका. आणि वारकरी भाविकांनो, अशा घरी जाल तेव्हा सिद्धांत उंबऱ्याबाहेर ठेवा. गेलेल्या लेकराचे नाव घ्यायला भिऊ नका. त्याचे नाव कोणी घेत नाही हेच त्या घराला फार लागते. बापाजवळही बसा, तो बहुधा गप्प असतो. तेराव्यानंतर सगळे पांगतात, तेव्हा जा. वर्षश्राद्धाला जा. वारीला ती आली तर दिंडीत तिला आपल्या शेजारी चालू द्या. नाही आली तर तिचा नमस्कार आपण पोचवू. विटेवरचा तो वाट पाहण्यात आपल्या सगळ्यांहून जुना आहे.

रामकृष्णहरी.