पुस्तक मिटा आणि म्हणा

उभे राहा, सगळे. पहिल्या दोन ओळी घडाघडा, तिसरीला नजर छताकडे, मग शेजारचा कुजबुजला की पुन्हा गाडी सुरू. याला पाठांतर म्हणत नाहीत. आणि तू, तळहात दाखव. प्रत्येक कडव्याचं पहिलं अक्षर पेनानं लिहून आणलंस? एवढा वेळ कडव्यालाच दिला असतास तर ते पाठ झालं असतं.

"सर, मोबाईलवर मिळते ना कविता!" मिळते. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी आहे म्हणून आपली संत्र्याची बाग जगत नाही.

डोकं चालत नाही, हे तर सांगूच नका. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असतात तेव्हा हेच तुम्ही एकावर एक झडत्या म्हणता. तिथे बरं अडत नाही! चारचौघांत थांबायची लाज वाटते, म्हणून तयारीनं जाता. वर्गात मात्र लाज नाही.

घरी आजी हरिपाठ म्हणते तेव्हा तिच्या हातात पोथी असते का, बघा एकदा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर रचलेलं सगळं त्यांच्या तोंडी होतं. मुलानं, सोपानदेवांनी, त्यातलं जे टिपून ठेवलं, त्याचं त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक झालं. टिपलं गेलं नाही ते गेलं. तुम्हाला तर छापील पुस्तक हातात मिळालंय, तरी ही गत!

आपण कुठे राहतो, याचा विचार केलाय कधी? १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला, आपलं पांढुर्णा-सौसर इकडे मध्य प्रदेशातच राहिलं. राजधानी नागपूरची भोपाळ झाली. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, पण कचेरीतला कागद हिंदीतच. हिंदी उत्तम शिका, माझं काही म्हणणं नाही. पण इथली मराठी सरकारी कागदानं टिकवलेली नाही. ती घरात, भजनात, झडत्यांत, लोकांच्या तोंडी टिकली. तुमच्या तोंडी काय आहे? दोन ओळी!

अर्थ कळल्याशिवाय घोकू नका, हे मीच सांगतो. पण अर्थ कालच समजावून झालाय, ती सबब संपली. आता दोन ओळी मोठ्यानं वाचा, पुस्तक मिटा, म्हणा. मग पुढच्या दोन घ्या, पण म्हणताना पहिलीपासून. मनातल्या मनात नाही, आवाज बाहेर आला पाहिजे. झोपताना एकदा, सकाळी उठल्यावर एकदा.

उद्या पहिल्याच तासाला घेतो, खिडकीकडच्या रांगेपासून. अडलेल्याला कोणी सांगायचं नाही. बसा.