छापील शब्दाची पत

अंबा नदीच्या काठी वसलेल्या नागोठण्यात सकाळी आलेले वर्तमानपत्र घरातून शेजाऱ्याकडे, तेथून रद्दीत व शेवटी वाण्याच्या पुडीत जाते. तेथील आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनी मात्र एक कात्रण पंचांगात जपून ठेवले होते. मधुमेह समूळ नाहीसा करणाऱ्या औषधाची ती जाहिरात होती. डॉक्टरांच्या गोळ्या सोडून त्यांनी ते औषध मागविले, आणि पायाची जखम चिघळली तेव्हा पुन्हा दवाखाना गाठला. "छापून आले होते हो!" एवढेच ते म्हणाले.

या चार शब्दांत छापील जाहिरातीचे बळ व वैगुण्य दोन्ही सामावली आहेत. आकाशवाणीवरील शब्द कानावरून निघून जातो. छापलेला शब्द मागे राहतो. तो पुन्हा वाचता येतो, ताडून पाहता येतो, प्रसंगी पुरावा म्हणून पुढे करता येतो. परंतु त्यास उलट प्रश्न विचारता येत नाही. शिवाय अग्रलेखाच्या शेजारी बसल्याने अग्रलेखाची अब्रू त्यास उसनी मिळते. वृद्धांनी विश्वास ठेवला तो औषधविक्यावर नव्हे, पत्रावर.

जाहिरात मुळातच त्याज्य, असे आमचे म्हणणे नाही. गांधीजींनी 'यंग इंडिया' जाहिरातींवाचून चालविले. तो मार्ग थोर खरा, पण सर्वांस झेपणारा नव्हे. जाहिरातीच्या उत्पन्नामुळेच वर्तमानपत्र गरिबाच्या हाती स्वस्तात पडते. १९२० साली कारखान्याची खबर देण्यास निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'चे पुढे एक नामांकित मराठी मासिक झाले, हेही विसरता येत नाही.

प्रश्न आहे तो जबाबदारीचा. मधुमेह बरा करण्याचा दावा सांगणाऱ्या जाहिराती १९५४ च्या कायद्याने निषिद्ध ठरविल्या आहेत, व त्यांच्या प्रसिद्धीत भाग घेणारासही तो कायदा मोकळे सोडीत नाही. तरीही कोपऱ्यात बारीक अक्षरांत, 'जाहिरातींतील मजकुरास संपादक जबाबदार नाहीत,' असे छापून कित्येक पत्रे निश्चिंत होतात. वाचकाच्या निनावी पत्राची सत्यता पारखल्याखेरीज जे संपादक एक ओळ छापीत नाहीत, त्यांनी पैसे घेऊन आलेल्या मजकुराकडे मात्र डोळेझाक करावी, हा कोणता न्याय?

पत ही उसनी देण्याची वस्तू आहे. पण जो ती देतो, त्यास जामीन राहावेच लागते. जागा विकली म्हणून जामीनकी सुटत नाही, असे आम्हांस वाटते.